दादाचा रेडिएटर

चौल, गुरुवार, फेब्रुवारी १९५६

विलायतेहून परतलेल्या दादाने चौलच्या उकाड्यात खोली गरम करणारा, गरम पाण्याच्या नळ्यांचा रेडिएटर बसवला, तेव्हा गावाला फुकट करमणूक मिळाली. सर्वांत जास्त मीच हसलो. दादाला जाऊन वर्ष झालं. त्याचं पाणी तापवायची भट्टी तेव्हापासून पेटलेली नाही. तरी संध्याकाळी ते लोखंडी धूड ठकठकतं आणि दादाने हाक मारल्यासारखं वहिनी चुलीपुढून म्हणतात, "आले हो."

आज म्हटलं, "वहिनी, आत हवा अडकलीय. सोडून देतो, म्हणजे आवाज थांबेल."

चावी फिरवली. लांबलचक सुस्कारा हातावर आला. कोमट. भट्टी थंड असताना कोमट कसा?

"भाऊजी, सगळी नका सोडू," वहिनी मागून हळूच म्हणाल्या. "थोडी राहू द्या."

मी चावी आवळली. हात अजून कोमट आहे.

वहिनी आता देवळात गेल्यात. पुन्हा ठकठक झाली. उत्तर द्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

"आलो," मी म्हणालो.