मायला बघून वर येणारे मासे

मंगळवार, संध्याकाळ. मेहकर

पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा मीटर शेवटी घेतलाच, स्वस्तातला. थेंब टाकून रंग जुळवायचं किट त्याहून स्वस्त होतं, पण पहाटेच्या अंधुक उजेडात मला कुठला रंग ओळखू येणार? याच्यावर आकडा तरी दिसतो. परसातल्या एवढ्याशा तळ्याला हा बास.

आज पहाटे पाण्यात धरून बघितला. आकडा दोनच्या आसपास. पाच तरी पाहिजे होते. म्हणजे मासे वर येऊन तोंडं उघडतात ते जीव गुदमरल्यामुळं.

तेवढ्यात माय भाकरीचा चुरा घेऊन आली. अप्पा गेल्यापासून त्यांच्या माशांना तीच खाऊ घालायलीय. म्हणाली, "बघ, मला बघून कसे वर यायलेत! भुका लागल्यात बिचाऱ्यांना." आन् सगळा चुरा टाकला. तोच चुरा तळाशी कुजून पाण्यातला ऑक्सिजन खायलाय. मीटरवाल्यानं तर बजावून सांगितलं होतं. मी मीटर खिशात घातला.

"काय हाय रे ते?"

"काय न्हाई, माय."

कामून सांगितलं न्हाई मी? आकडा तर समोर होता.

उद्या हुमनाबादहून हवेचा पंप आणायचाच, न्हाईतर मासे जगत न्हाईत. चुरा कमी कर म्हणून मायलाही सांगीन, कसंतरी. पण पंप सुरू झाला की त्यांना वर यायची गरजच उरणार न्हाई. माय रोजच्यासारखी भाकरी घेऊन काठावर उभी राहील, आन् एकही तोंड वर येणार न्हाई.