वॉकरऐवजी कॅरमचा स्टँड

शनिवार, १० जानेवारी. संध्याकाळी ७.

आईला आज डिस्चार्ज मिळाला. उजवा गुडघा नवा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन ही अर्धी गोष्ट, उरलेली अर्धी घरी: चालवायचं, वाकवायचं, रोज.

वॉकर मी आधीच ऑनलाइन मागवला होता. एकेचाळीस मॉडेल्सची तुलना करून, रिव्ह्यू वाचून. आपली तयारी पूर्ण असली की घाबरायचं कारण राहत नाही.

चार वाजता आम्ही आईला गाडीतून उतरवत होतो, नेमका तेव्हाच कुरिअरवाला कल्पेश आला. एका हाताने आईची काख धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल. त्याने ओटीपी मागितला, मी दिला. बाबांनी खोका वर आणला. उघडला.

कॅरमचा स्टँड निघाला. चार घडीचे लोखंडी पाय. बोर्डही नाही, नुसता स्टँड.

आई म्हणाली, "यालाच धरून चालू का गं?" आणि हसली. दुखत असताना हसली. मी तिला सांगितलं, दोन दिवसांत बदलून येईल. येईलच. कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे.

रविवार, ११ जानेवारी.

सकाळी रिटर्नचं बटण दाबलं. कारणांची यादी आली. "चुकीची वस्तू मिळाली" हा पर्याय आहे. उत्तम. पण त्याखाली चौकोन: "मी वस्तू डिलिव्हरीच्या वेळी तपासली होती." टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी तपासली नव्हती. आईची काख धरली होती.

बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. दम्यामुळे शाळेत पाठवत नव्हते. रोज संध्याकाळी दिवसभरातली स्वतःची एक चूक वहीत लिहायची, हा त्यांचा पहिला विषय, गणित त्यानंतर. त्यामुळे मी असल्या चौकोनात टिक करू शकत नाही. बटण बंद केलं. दुसरा सरळ मार्ग असणारच.

दुपारी फिजिओथेरपिस्ट रेवा आल्या. वॉकर कुठे, विचारलं. केस समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, पनवेलला कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात मिळेल. भाड्यानेसुद्धा मिळतो. आजच आणा. काकूंना भिंतीला धरून चालवू नका, त्या घाबरतात आणि पाय टाकत नाहीत."

त्यांचं वैद्यकीय ज्ञान चांगलं आहे. पण आज दुसरा वॉकर घेतला तर उद्या कंपनी म्हणेल, ग्राहकाची गरज भागली, मग नुकसान कसलं? तक्रारीचा कणाच मोडेल. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

सोमवार, १२ जानेवारी.

ऑफिस. जासईला कंटेनर यार्डात माझं काम डॉक्युमेंटेशनचं. माल आणि कागद जुळतो का, एवढंच बघायचं, दिवसभर. त्यामुळे अशा प्रकरणात माझ्याइतकी योग्य व्यक्ती मिळणं कठीण.

आमच्याकडे क्लेम बघणाऱ्या दयाराम सरांना सहज विचारलं. वॉकर म्हटलं नाही, "एक कन्साइनमेंट" म्हटलं. शेरा न मारता माल ताब्यात घेतला आणि नंतर वेगळाच निघाला तर? सर चहा पीत होते. म्हणाले, "क्लीन रिसीट दिली? मग क्लेम गेला. आता सर्व्हे करून घ्या, प्रोटेस्ट लेटर टाका आणि देवाचं नाव घ्या." मग विचारलं, "कुठल्या पार्टीचा माल?" मी म्हटलं, "छोटी पार्टी आहे."

म्हणजे ओटीपी हीच माझी क्लीन रिसीट. दोष माझा. हे घरी सांगण्यात अर्थ नाही, आईचं ब्लड प्रेशर वाढेल.

निश्चय:
१. सर्व्हे, म्हणजे मालाची लेखी पाहणी.
२. प्रोटेस्ट लेटर.
३. उद्या अकरा वाजता कस्टमर केअरला फोन.

मंगळवार, १३ जानेवारी.

रजा टाकली. स्टँडचे चौदा फोटो काढले, फूटपट्टी शेजारी ठेवून. वजन केलं. मग पंचनामा लिहिला. पंच दोन हवेत. एक बाबा. दुसरं कोण? नेमकी गोदूबाई मासे घेऊन दारात आली होती. उरणकडून येते, आमच्याकडे दहा वर्षं येते आहे.

सही कर म्हटल्यावर टोपली खाली ठेवून मागे सरली. "माजी सही कशाला? कोन मेला काय?"

समजावलं. तिने स्टँडकडे बघितलं, पलंगावर आईकडे बघितलं आणि म्हणाली, "येवड्यासाठी? गो बाय, आमच्या म्हाताऱ्याचा वॉकर हाय न घरी. तो गेला तवापासून पडलाय. उद्या येताना आनते."

मी नम्रपणे नको म्हटलं. पंचानेच वस्तू पुरवली तर तो पंच निःपक्ष राहत नाही. गोदूबाई बाबांना म्हणाली, "सायेब, तुमची पोरगी लई शिकली." बाबांनी मान डोलावली. कौतुकच होतं.

अकराचा फोन राहिला. पंचनाम्यात साडेबारा झाले. नंतर त्यांची जेवणाची वेळ.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

प्रोटेस्ट लेटर, मसुदा ४. "आपण" लिहावं की "तुम्ही"? "आपण"मध्ये लाचारी वाटते, "तुम्ही"मध्ये उद्धटपणा. "कंपनी" असा तृतीयपुरुषी उल्लेख केला.

नियम पूर्ण वाचले. चुकीची वस्तू आली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची, महिन्याच्या आत निवारण करायचं. छातीवरचं ओझं उतरलं. हक्क आहे म्हटल्यावर घाई कशाची?

सणाच्या दिवशी फोन केला नाही. तिथे बसणाऱ्या मुलींनाही घर आहे.

आईने विचारलं, वॉकर कुठवर आला? मी म्हटलं, "निघालाय." निघणार आहे या अर्थाने. बाबा तिला म्हणाले, "अनुया म्हणते ना निघालाय, मग निघालाय."

आई आज पलंगापासून खुर्चीपर्यंत. एकदाच.

शुक्रवार, १६ जानेवारी.

ऑफिसला जाताना खाली कल्पेश भेटला. बाइकवर पार्सलांचा डोंगर. त्याला सांगितलं, तुझा लेखी जबाब लागेल: शनिवारी चार वाजता खोका सीलबंद होता की नव्हता.

तो घाबरलाच. "ताई, माजं नाव नको टाकू. आयडी ब्लॉक करतील. चुकीचा आला न? तू फक्त रिटर्न टाक, उद्या मी येऊन घेऊन जातो. ते टिक कोन वाचतो?"

मी वाचते.

पण त्याच्या नोकरीचाही विचार करायला हवा. मसुद्यातून "कुरिअर कर्मचारी" काढून "संबंधित व्यक्ती" केलं. मग वाटलं, संबंधित व्यक्ती म्हटलं की संशय आणखी वाढतो. पूर्ण परिच्छेद काढला. मसुदा ७.

आजही फोन केला नाही. हातात अंतिम मसुदा नसताना बोललं तर विसंगती येईल.

रविवार, १८ जानेवारी.

रेवांनी गुडघ्याचा वाक मोजला. पंचावन्न अंश. त्यांनी पुन्हा मोजला. "हॉस्पिटलमधून निघताना साठ होता. पुढे जायचं सोडून मागे?" मग आईला, "काकू, घरात किती चालता?" आईने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "चालते की."

बाबा तिला खांद्यावर भार घेऊन बाथरूमपर्यंत नेतात. आज त्यांची कंबर धरली. दोघंही आडवे. मी मधे उभी राहून दोघांना चहा दिला.

रेवा दारात चपला घालताना हळू आवाजात म्हणाल्या, "अनुया, हे दिवस परत येत नाहीत. नंतर गुडघा आखडतो आणि मग काहीही करा." त्यांनी इतकं नाट्यमय बोलायला नको होतं. मी वॉकरचाच तर प्रश्न सोडवते आहे, सकाळ-संध्याकाळ.

उद्या फोन. नक्की.

मंगळवार, २० जानेवारी.

रिटर्नची दहा दिवसांची मुदत संपली. बटण करडं झालं.

खरं सांगायचं तर मोकळं वाटलं. आता तो चौकोन, ती टिक, काही राहिलं नाही. प्रश्न शुद्ध हक्काचा उरला. अलिबागच्या ग्राहक आयोगाचा पत्ता काढून ठेवला.

आईला म्हटलं, वॉकर वाटेत अडकलाय, जासईच्या पुढे ट्रॅफिक आहे.

गुरुवार, २२ जानेवारी.

मसुदा ११ अंतिम. तीन पानं, सात जोडपत्रं. मेल केला. स्वतःलाच, फॉन्ट नीट दिसतो का बघायला. दिसतो. दोन ठिकाणी स्वल्पविराम जास्त आहेत.

१९१५ ही ग्राहक हेल्पलाइन पाठ झाली आहे. आज एकदा लावलीसुद्धा. रिंग गेली. कोणीतरी "नमस्कार" म्हणालं. मी पंचनाम्याचा कागद शोधत होते, सापडेना, फोन ठेवून दिला. एकूण प्रगती आहे.

रविवार, २५ जानेवारी.

लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

कल्पेश समोरच्या फ्लॅटला पार्सल द्यायला आला होता. दार उघडं होतं. त्याने बाबांना विचारलं, "काका, तो कॅरमचा स्टँड अजून हाय काय? ताईने रिटर्नच नाय टाकला. मी रोज बघत होतो लिस्टमदी. आता बंद झाला."

बाबा माझ्याकडे वळले. मला ट्रॅकिंग दाखव म्हणाले. मी मसुदा ११ दाखवला. त्यांनी तिन्ही पानं वाचली, चष्मा लावून, अगदी जोडपत्रांच्या यादीपर्यंत. म्हणाले, "मराठी शुद्ध आहे."

मग कंबरेला पट्टा बांधला, रिक्षा बोलावली आणि गेले. चाळीस मिनिटांत वॉकर घेऊन आले. आमच्या सुकापूरच्या नाक्यापलीकडचंच दुकान, रविवारी अर्धा दिवस उघडं असतं.

आई उभी राहिली. वॉकर धरला. पाय टाकला, पण गुडघा वाकत नाही, काठीसारखा सरळ. तीन पावलं टाकून म्हणाली, "उद्या करू."

मी बाबांना सांगायला गेले की या खरेदीने आपली केस कमकुवत होते. सांगितलं नाही. तेवढं मला कळतं.

मंगळवार, २७ जानेवारी.

काल प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. आज फोन केला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, समोर फाइल उघडून.

समीक्षा नावाची मुलगी बोलली. मी म्हटलं, "दिनांक दहा जानेवारी रोजी..." ती म्हणाली, "मॅम, राँग आयटम का? सॉरी हं. नवीन पाठवू की रिफंड करू?"

मी म्हटलं, पण मी डिलिव्हरीच्या वेळी तपासलं नव्हतं.

"कोणीच नाही तपासत, मॅम."

पण मुदत संपली आहे.

"मी इथून ओपन करते. झालं. आणखी काही मदत?"

फोन चालला दोन मिनिटं अकरा सेकंद. फाइलचं पहिलं पानही उलटलं नाही. इतक्या सहज तक्रार मान्य होणं मला पद्धतशीर वाटत नाही. पण हा विजयच म्हणायचा. ठाम राहिलं की कंपन्यांना झुकावं लागतं.

शुक्रवार, ३० जानेवारी.

वॉकर आला. बरोबर तोच, एकेचाळिसांतून निवडलेला. कल्पेशसमोर उघडला, उंची तपासली, रबरी बूट तपासले. त्याने स्टँड उचलला आणि म्हणाला, "सुटलो."

आता घरात वॉकर दोन. आई कुठलाच फारसा वापरत नाही. पाय टाकला की कळ येते. गोदूबाई दारातून बघते आणि मला काही म्हणत नाही. पूर्वी म्हणायची.

रविवार, ८ फेब्रुवारी.

रेवा रोज येतात. आई व्यायामाच्या वेळी उशी तोंडावर धरते. बासष्ट अंश. मी भिंतीवर तक्ता लावला आहे, रोजचा अंश, रंगीत पेनने. आईने विनंती केली, तो काढ. दुसऱ्या भिंतीवर लावला.

निश्चय: रोज सकाळी सहाला उठून आईला मी स्वतः चालवणार. सोमवार बरा.

शनिवार, २१ फेब्रुवारी. दुपार.

सहा आठवडे झाले. आज डॉक्टरांकडे गेलो. मी फाइल सोबत घेतली होती, सगळ्या तारखा असलेली. ठरवलं होतं की खरं काय ते आपणच सांगायचं.

डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला. सत्तरच्या पुढे जात नाही. म्हणाले, पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, आत जे चिकटलंय ते सोडवायला. पुन्हा अ‍ॅडमिट. आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मग विचारलं, "सुरुवातीला काय झालं? घरी वॉकर नव्हता का?"

मी बॅगेची चेन उघडली.

बाबा म्हणाले, "होता."

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "पहिल्या दिवसापासून होता. मीच आळस केला हो. दुखायचं म्हणून नुसती पडून राहायचे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. आईनेही नाही. डॉक्टर म्हणाले, काकू, असं चालत नाही. जरा रागावूनच म्हणाले. आई मान खाली घालून ऐकत होती.

त्यांनी संमतीपत्रात लिहिलं: रुग्णाने सांगितलेले व्यायाम केले नाहीत. कागद आईपुढे सरकवला. आईने सही केली. पेन मी दिलं.