नळी तोंडात असताना

नागपूर, २ सप्टेंबर २०२४

चि. नरहरास मीराताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. इंदूने सांगितलं, तुझं पोट तपासायला दुर्बिणीची नळी घातली आणि आतलं अस्तर फाटून रक्त आलं. ते ऐकून मी माझी तपासणी रद्द केली. घास छातीशी अडकतो, तर अडकू दे. भाकरी दुधात कुस्करून खाईन. शिशिर रागावलाय. ‘मामा बरा आहे, मग तू काहून घाबरून राहिली?’ म्हणतो. पोटच्या पोराला आईपेक्षा डॉक्टर मोठे. तुझी तब्येत कळव, इंदूवर डाफरू नकोस, बायको आहे ती तुझी.

तुझी काळजी करणारी,
मीराताई

बूढापारा, रायपूर, ९ सप्टेंबर

ती. मीराताईस शि. सा. न. वि. वि.

इंदूने राईचा पर्वत केला. समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, नळी आत असताना बोलायचं नाही. गुंगीचं औषध मीच ऐटीत नाकारलं. मध्येच त्यांनी विचारलं, बाबूजी ठीक आहात ना? उभा जन्म रायपुरात गेला. इथे कोणी काही विचारलं की ‘हो’ऐवजी इथल्या बोलीतलं ‘हव’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. नळीसकट ‘हव’ म्हणायला गेलो, ओकारीच्या उबळी आल्या आणि अस्तराला चीर गेली. बाईंनी त्याच नळीतून क्लिप लावून रक्त थांबवलं. असं क्वचितच होतं म्हणाल्या. आता मऊ भातावर आहे आणि त्याला नावं ठेवतो आहे.

माझी चीर भरून येईल, ताई. तुझा घास कशाने अडकतो, ते पाहिल्याशिवाय कसं कळणार? मला त्याची भीती वाटते, नळीची नाही. गुंगीचं औषध घे, पण जा.

लोभ आहेच, तो तपासणी करून वाढवावा.
तुझा नरहर

नागपूर, २४ सप्टेंबर

चि. नरहरास आशीर्वाद.

जाऊन आले. औषधाने झोपले, नळी कधी गेली कळलंही नाही. अन्ननलिकेत गाठ निघाली. तुकडा तपासला, ती वाईटच आहे. पण लहान आहे, कापून निघेल, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीपर्यंत थांबला असतात तर ती हाताबाहेर गेली असती, असंही म्हणाले. शिशिर तोंड वळवून खिडकीशी उभा राहिला. मी रडले नाही.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. मी त्यातून उठणार, याची मला खात्री आहे. फक्त आत नेतील तेव्हा दाराबाहेर माहेरचं कोणीतरी बसलेलं हवं. रविवारीच ये.

वाट पाहते,
मीराताई