माझी काही हरकत नाही

कुरुंदा,
१४ जून २००२

चि. करुणास,
सप्रेम जयभीम आणि तोंड भरून आशीर्वाद.

लिहायला बसलो आणि कानात हळदीच्या पिंपाचा आवाज सुरू झाला. तू लग्न होऊन या घरात यायच्या कितीतरी आधीचा. शाळेमागं उकंडरावांचं खळं होतं. वाळलेली हळद घोळायला तिथं डांबराचं जुनं पिंप आडवं टांगलेलं असे, आणि दोन बाया दोन्हीकडून ते फिरवायच्या. खडाड-खड, खडाड-खड. तिसरीच्या पोरांना मी कविता शिकवायचो त्या याच ठेक्यावर. पिंप थांबलं की पोरं कडव्याच्या मधेच थांबायची, मग मी खिडकीतून ओरडायचो, की बायांनो, अजून दोन ओळी राहिल्यात! त्या हसत हसत पुन्हा दांडा धरायच्या. आता यंत्र आलं आहे. ते नुसतं घरघरतं, त्यावर एकही कविता बसत नाही.

फोनवर तू म्हणाली होतीस, की मामा, पत्रात कामाचं लिहीत जा. फारकत झाल्यावरही तू मला सासऱ्याच्या नात्यानं मामा म्हणतेस, त्याचं बरं वाटतं. तर कामाचं लिहितो. मस्कतहून तू पाठवलेला मसुदा मिळाला. सपनाला तुझ्याकडं न्यायचं तर आधी तिचा पासपोर्ट, आणि पासपोर्टला बापाची संमती, स्टँप पेपरवर. लेकरू कोर्टानं तुझ्या ताब्यात दिलेलं, तुझ्या नोकरीमुळं वाढलं माझ्याजवळ, तरी सही प्रमोदची. सपनानं मसुदा मोठ्यानं वाचला. ‘माझी काही हरकत नाही’ इथं अडखळली आणि हरकत म्हणजे काय विचारलं. मी म्हणालो, मनातून नको वाटणं. मग तिनं कागद उलटून पाहिला आणि म्हणाली, की यात आई हाय, बाबा हायेत, मग आजोबा, तुमच्या सहीची जागा कुठं हाय?

मी तिला राहुलाची गोष्ट सांगितली. विहारात तिनं ऐकली होती, पण अर्धीच. राहुलाला संघात घेतलं तेव्हा शुद्धोदन राजा तळमळला. तथागतांकडं जाऊन म्हणाला, की यापुढं आईबापाला विचारल्याशिवाय कुणाचं लेकरू घेऊ नका. तथागतांनी तसा नियम केला. करुणा, नियम मागायला गेला तो आजोबा, आणि नियमात आजोबाच नाही. जन्मभर ही गोष्ट सांगत आलो, पण हे आत्ता दिसलं.

पुढच्या आठवड्यात हिंगोलीला जाईन. प्रमोदच्या दुसऱ्या लग्नाला मी गेलो नव्हतो, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. तो भांडणार, सहजी सही द्यायचा नाही. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं आहे.

माया आहे ती तशीच असू दे.

तुझा मामा,
सोनाजी

•

कुरुंदा,
२ जुलै २००२

चि. करुणास,
जयभीम व आशीर्वाद.

सही झाली.

एवढंच लिहून पाकीट बंद करावं असं वाटत होतं. पण तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

प्रमोद कामावर निघायला स्कूटर बाहेर काढून राहिला होता. मी ओट्यावर टेकलो, जुळवलेलं बोलणं सुरू करणार तोच म्हणाला, की कागद आणा इकडं. वाचला नाही. पोरगी कितवीत आहे, केवढी झाली, कुठं चालली, काही नाही. कागद स्कूटरच्या सीटवर ठेवला, माझ्याच पेननं सही ठोकली आणि म्हणाला, की झालं ना बराबर? आता पुन्हा तकलीफ नको. पेन स्वतःच्या खिशाला लावून घेतला. मी तयारी करून गेलो होतो ती भांडणाची. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी चिडलो असतो, पण परतीच्या एस्टीत मनाला म्हणालो असतो, की अजून कुठंतरी बाप आहे.

साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचे मोहनसिंग आले. दुसरी म्हणून त्यानं बायकोलाच हाक मारली. कोमल पदराला हात पुसत आली. या पोरीला मी पहिल्यांदाच पाहिलं. तिनं मात्र कागद वाचला, ओळीवर बोट ठेवून. एका ठिकाणी बोट थांबलं. मोहनसिंगांकडून मागाहून कळलं, तिला लग्नात सांगितलेलं होतं, की पहिलीशी फारकत झाली, लेकरू न्हाई. ती नवऱ्याकडं वळलीसुद्धा नाही. माझ्याकडं पाहून विचारलं, की कितवीत हाय? मी म्हणालो, पाचवीत. मग तिनं वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं आणि आत गेली.

नोटरीचा शिक्का कोर्टापाशी मारून घेतला. कागद सोबत जोडला आहे.

आपली आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

सोनाजी मामा

•

मस्कत,
१८ सप्टेंबर २००२

ती. मामांस,
करुणाचा सविनय जयभीम.

सपनाच्या पासपोर्टच्या फोटोची प्रत मिळाली. तिचे केस इतके चपटे काहून केले? डोक्यावर तेलाची बाटलीच ओतली काय? इथल्या मैत्रिणींना मी फोटो दाखवला तर म्हणाल्या, की ही तर मास्तरीण दिसते. म्हटलं, मास्तराच्या घरात वाढली, दुसरी काय दिसणार.

आता तुम्हाला कंटाळा येईल असं लिहिते. पासपोर्टचा कागद वेगळा होता. व्हिसासाठी दुसरा हवा आहे, लेकराला परदेशी नेऊन आईजवळ ठेवायला बाप राजी आहे असा. मी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला विचारलं, की एकदा राजी झालेला माणूस पुन्हा कशाला राजी व्हायचा? ती म्हणाली, की इथं असंच आहे. मला कुटुंबाचं क्वार्टर मिळालं आहे. जानेवारी संपेपर्यंत सपनाचे कागद दिले नाहीत तर ते दुसरीला जाईल आणि मी पुन्हा हॉस्टेलात. मग सपनाला बोलवायला जागाच उरणार नाही, आणि तशी जागा पुन्हा कधी मिळेल हे कुणी सांगत नाही.

मी दिवसभर दुसऱ्यांची लेकरं पुसते, टोचते, निजवते. माझं लेकरू फोनवर मला तुमी म्हणतं. दुसऱ्यांदा हिंगोलीला जा, मामा.

आणि एक. त्यानं नकार द्यावा अशी तुम्हाला आस होती, हे मला तुमच्या पत्रात दिसलं. राग आला नाही असं लिहिणार नाही.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आपली,
करुणा

•

हिंगोली,
६ नोव्हेंबर २००२

ती. बाबांस,
जयभीम.

दुसरा कागद मिळाला. सही करणार नाही.

पहिल्या सहीच्या दिवसापासून कोमलनं अबोला धरला होता. पोळ्याला कनेरगाव नाक्याला माहेरी गेली ती आलीच न्हाई. तिचे वडील म्हणतात, की जावयाचा भरवसा राहिला न्हाई, घरचं वडीलधारं कुणी येऊन शब्द दिला तरच पोरगी पाठवू. वडीलधारे तुमीच. तुमच्या कागदानं माझं घर मोडलं, आता तुमीच जोडा. कोमलला आणून सोडा, त्याच दिवशी सही करतो. न आणलं तर सपना कुठंही जाणार न्हाई. कोमललाही हेच कळवलं आहे.

तुमच्या जिभेवर साखर आहे, ती एकदा माझ्यासाठी वापरा.

प्रमोद

•

मस्कत,
२४ नोव्हेंबर २००२

ती. मामांस,
सविनय जयभीम.

प्रमोदचं पत्र तुम्ही मला तसंच धाडलंत आणि खाली विचारलंत, की काय करू? वाचून आधी मनात आलं, की आत्ता उठा, पहिल्या एस्टीनं कनेरगाव नाक्याला जा आणि तिला घेऊन या. ती कोण माझी? मला माझी पोरगी पाहिजे. ड्यूटीवर इंजेक्शन भरताना दोनदा माप चुकलं म्हणून सिस्टरनं मला बाहेर बसवलं.

बाहेर बसल्यावर आमच्या बाळापूरच्या घरातली ती दुपार आठवली. सपना पोटात होती. मी माहेरी निघून आले होते आणि परत जाणार नाही असं वडलांना सांगितलं होतं. तुम्ही आलात. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणली होती. आल्याआल्या अंगणातल्या जाईवर काहीतरी कवितेसारखं बोललात. माझ्या वडलांना म्हणालात, की पोरगं तापट हाय पण मन निर्मळ हाय, माझा शब्द घ्या. तुमचा शब्द कोण मोडणार! वडलांनी त्याच संध्याकाळी माझी बॅग भरली. त्यानंतरची तीन वर्षं मी तुमच्या शब्दावर काढली. त्या वर्षांत तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात.

म्हणून लिहिते, जाऊ नका. तिच्या घरी शेंगा नेऊ नका. सपनाचं काय करायचं ते मला सुचत नाही. वकील करीन, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. पण मला ज्या तोंडानं आणलंत त्या तोंडानं तिला आणू नका.

हे लिहिताना मी रडते आहे, ते तुमच्यावरच्या मायेनं नाही. खोटं कशाला लिहू. तरी नमस्कार स्वीकारा.

करुणा

•

कुरुंदा,
१५ डिसेंबर २००२

चि. करुणास,
जयभीम आणि आशीर्वाद, घेशील तर.

तुझं पत्र आलं. बाळापूरचं लिहिलंस ते खरं आहे. जाईच्या वेलाबद्दल मी काय बोललो ते आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवले, तुझा चेहरा आठवेना. यावर जास्त लिहीत नाही.

कनेरगाव नाक्याला गेलो नाही, जाणार नाही. कोमलच्या वडलांना शब्द देण्यासारखं माझ्याकडं काही उरलेलं नाही. प्रमोदला तसं कळवलं. त्याचं उत्तर नाही.

पण करुणा, मी न जाण्यात माझाच फायदा आहे, हेही तुला दिसत असेल. सपना गेली नाही तर माझ्या ताटासमोर बसणारं कुणीतरी राहतं. सकाळी कविता म्हणून दाखवणारं राहतं. तेव्हा मी त्या पोरीसाठी थांबलो की स्वतःसाठी, हे मी स्वतःला रोज विचारून राहिलो आणि रोज वेगळं उत्तर येतं. तू विचारलंस तर मी शपथेवर सांगू शकणार नाही.

सपनाला काल सांगितलं, की यंदा मस्कत नाही. रडेल म्हणून मी गूळ-खोबरं काढून ठेवलं होतं. रडली नाही. तू पाठवलेल्या फ्रॉकची घडी घालून पेटीत तळाशी ठेवली आणि म्हणाली, की आईला लिवा, मी उंच होऊन राहिले, आता अंदाजानं फ्रॉक घेऊ नका. गूळ-खोबरं तसंच वाटीत आहे, मुंग्या लागल्या.

क्वार्टर सोडायचं पत्र जानेवारी संपेपर्यंत देऊ नकोस. का ते मलाही माहीत नाही.

माझ्यावर लोभ ठेव असं या वेळी लिहायला हात धजत नाही. सपनावर ठेव.

सोनाजी

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. बंद केलेली नाही, तिचा आवाज येतो आहे. सपना आत येऊन म्हणाली, की आजोबा, एक बाई आल्यात, तुमाला गुरुजी म्हणून विचारून राहिल्या. दारात कोमल उभी आहे. मी तिला आणायला गेलो नव्हतो, कुणाला पाठवलंही नव्हतं. तिच्या हातात दुसरा कागद आहे, प्रमोदची सही, नोटरीचा शिक्का, सगळं बराबर. म्हणाली, की मी कालच आपल्या मनानं परत नांदायला आले गुरुजी, माझ्यापायी लेकराचं अडायला नको, आता हिला आईकडं जाऊ द्या. प्रमोद स्कूटरवर बसून आहे, पाठमोरा. सपनानं पाण्याचा तांब्या नेऊन दिला आहे. कोमल उंबऱ्याबाहेर उभी राहूनच पाणी पिते आहे आणि माझं तोंड तिला दिसू नये म्हणून मी खाली मान घालून तुला हे लिहितो आहे. आत ये, असं मला अजून म्हणता आलेलं नाही.