पुराव्याचा रकाना

३ मार्च, सोमवार
उठले. एवढंच.

६ मार्च, गुरुवार
बाईंकडे तिसरी खेप. बाई म्हणजे दवाखान्यातल्या समुपदेशक. गोळ्या डॉक्टर देतात, या कागद देतात. त्यावर रकाने — काय घडलं, मनात काय आलं, ते किती टक्के खरं वाटतं, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. चौपन्नाव्या वर्षी गृहपाठ!

आजचा विचार त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला : लेकीने मला मनातून काढून टाकलंय. नव्वद टक्के. पुरावा — महिना झाला, तिचा फोन नाही. आली होती तेव्हा मी चारही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. निघताना दारात उभी राहून "आई, येते" म्हणाली. मी कूससुद्धा बदलली नाही. विरुद्ध पुरावा — कोरा.

"तिलाच फोन करून विचारा. काय होईल असं वाटतं, ते मात्र आधी लिहून ठेवा." लिहिलं : उचलणार नाही. उचललाच तर "कामात आहे" म्हणेल.

८ मार्च, शनिवार
फोन केला नाही.

१० मार्च, सोमवार
कामावर गेले. बाटल्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी तपासणीला. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकतात, तडा दिसला की उचलायची आणि बाजूला ठेवायची. आज तासाभरात दोन खोकी बाद केली. सुपरवायझर आला. एक बाटली उचलून चहूबाजूंनी फिरवली. मग म्हणाला, "ताई, जरा चष्मा काढा बरं." काढला. डाव्या काचेवर बारीक चरा. बाटल्या धडधाकट होत्या. स्वतःच खोकी उचलून परत नेली. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

हे बाईंना सांगायचं नाही. लगेच त्याचा धडा करतील.

१२ मार्च, बुधवार
यांनी विचारलं, "गृहपाठ झाला का?" झाला म्हटलं. धडधडीत खोटं. मग हळूच, "मी लावून देऊ का तिला फोन?" नको म्हटलं. अंगात त्राण नाही, पण "नको" म्हणायला कुठून तरी जोर येतो.

१३ मार्च, गुरुवार
दवाखान्याच्या बाकावर बसून आठवड्याचे कागद भरले. कारखान्यात रजिस्टर आम्ही असंच भरतो, शिफ्ट सुटायच्या आधी, एका दमात, एका पेनाने. नव्वदचे ऐंशी, मग सत्तर, असं करत चाळीसवर आणलं. लेकीला फोन केला, छान बोलली, असंही ठोकून दिलं.

बाई शांतपणे वाचत होत्या. "दर वेळी बरोबर दहाने कमी? दुःख असं शिस्तीत उतरत नाही हो." चोरी पकडली गेली. रडू आलं. कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

"मला बरं वाटावं म्हणून भरलंत ना?" हो म्हटलं. ओघात चष्म्याचंही सांगून बसले. त्यांनी धडाबिडा केला नाही. "मग काच बदललीत का?" एवढंच. नाही बदलली अजून. कोऱ्या कागदांचा गठ्ठाच हातात दिला. "घाईने भरू नका. एकच भरा, पण खरा."

१५ मार्च, शनिवार
फोन हातात घेतला, ठेवला. तीनदा. यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलेत.

बाई, खरं सांगू? ती चिडून ओरडेल याची भीती नाही. "ठीक आहे आई" म्हणून ठेवेल, याची आहे.

१६ मार्च, रविवार
केला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

विचारलं, "माझ्यावर रागावलीस का गं?" तर म्हणते, "रागावू कशाला? मलाच बिछान्यातून उठवत नाहीये आई. तीन आठवडे झाले कामावर गेले नाही. तू आधीच इतकी दमलेली... तुला कुठे सांगू?"

विरुद्ध पुरावा मिळाला. असा नको होता.

दुपारच्या गाडीने निघतेय. पिशवीत दोन कपडे, माझ्या गोळ्या आणि कोरे कागद — दोघींना पुरतील एवढे.