साडेचार मिनिटं कोणी हलायचं नाही

चि. भिंगरीस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. तिकडचं हवापाणी मानवलं असेल. कानांना जरा विश्रांती दे, त्यांच्यावर तुझं पोट आहे. इकडे मी ठणठणीत. मामीही बरी आहे (तिच्याबद्दल पुढे लिहितो).

तुझं पहिलं सिनेमाचं गाणं मंगळवारी दिग्दर्शकाकडे पोचलं. तू जाताना बजावलं होतंस की न्यायला माणूस येईल, त्याला तयार फाइल दे आणि माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस. मी हात लावला.

माझी इकोची पेटी तुला ठाऊक आहे. आत तीन स्प्रिंगा, एका टोकाने आवाज घातला की दुसऱ्या टोकाने विहिरीत बोलल्यासारखा घुमत येतो. टेलिफोन खात्यात असताना मी ती स्वतःच्या हाताने बनवली, आणि तू म्हणतेस, असले घुमारे आता कॉम्प्युटरमध्येच मिळतात. मिळत असतील. पण भाचीच्या पहिल्या गाण्यात मामाची पेटी वाजलीच पाहिजे, असं मी ठरवलं. गायिकेचा आवाज तेवढा तीन नंबरच्या आउटपुटमधून बाहेर काढला, पेटीतून फिरवला आणि परत कॉम्प्युटरमध्ये घेतला. लिहायला एक ओळ लागली, करायला दोन दिवस. पहिल्या दिवशी गेलेला आवाज परत आलाच नाही (वायर मी शेजारच्या बिघडलेल्या रेडिओत खुपसली होती). दुसऱ्या दिवशी आला, पण आलेलाच आवाज मी पुन्हा पेटीकडे धाडत होतो. तो वाढत वाढत अशी किंकाळी फुटली, की वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य हातातलं काम टाकून खाली धावत आले (मागोमाग त्यांचा पेशंट, तोंड उघडंच). चूक शोधली, सुधारली. पेटीतून यायला आवाजाला किती उशीर होतो तेही मोजलं आणि तेवढा तो अलीकडे ओढून घेतला. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

आता राहिलं एकच. पेटी खरीखुरी, त्यामुळे गाणं पूर्ण साडेचार मिनिटं वाजवूनच कॉम्प्युटरमध्ये भरावं लागतं, आणि तेवढ्यात कोणी धक्का दिला तर स्प्रिंगा हादरून गाण्यात वीज कडाडते. म्हणून मामीला खुर्चीत बसवलं. बिचारी चार मिनिटं जागची हलली नाही. शेवटच्या कडव्यात तिला गॅसवरचं दूध आठवलं. उठताना तिचं कोपर लागून, ज्या कपाटावर पेटी होती त्याचंच दार धाडकन आपटलं. मी नको ते बोललो. दिग्दर्शकाचा माणूस दारात उभा, पुन्हा भरायला वेळ नव्हता. होतं तसं दिलं.

घाबरू नकोस. दिग्दर्शकांचा फोन आला, गाणं पसंत आहे. चाळीस वर्षांनी पेटी कामाला आली, भिंगरे, आणि तीही तुझ्या गाण्यात. हे लिहिताना डोळे भरून आलेत, हसू नकोस.

तुझा,
मामा

ता.क. गाण्यात त्यांना सगळ्यात जास्त आवडला तो शेवटच्या कडव्यातला कडकडाट. कसा केलात, म्हणाले. मी म्हटलं, पेटीची खासियत आहे.

ता.क. २ त्यांना तो उरलेल्या दोन्ही गाण्यांत हवाय. मामी त्या दिवसापासून घरात पाऊलही वाजू देत नाही. दोनदा माफी मागितली, तर म्हणते, "तुमच्या कामात माझी लुडबूड नको." तू फोन करून तिला पुन्हा त्या खुर्चीत बसायची गळ घाल, तुझं ऐकेल. सिनेमात तिचं नाव द्यायलाही माझी हरकत नाही (पेटीच्या खाली). कालपासून ते दार मी तीसेक वेळा आपटलं. दर वेळी नुसतं कपाटाचं दार आपटल्यासारखं वाजतं.