खोबरं लिहिलं, पाला नाही

२७ जुलै, रविवार

एका आंबोळीत शंभरावर कॅलरी! हे सकाळी पाच खातात. वर साखरेचा चहा. म्हणजे नाश्त्यालाच गडी सहाशेच्या घरात — आणि मग मलाच विचारतात, वजन का उतरत नाही.

संचिता आज पुण्याला परत गेली, जाताना माझ्या फोनमध्ये ते कॅलरी मोजायचं ॲप घालून. एप्रिलमध्ये गोव्याला ह्यांच्या हृदयाची झडप बदलली, धातूची बसवली. तेव्हापासून डॉक्टरीणबाई सांगतायत — दहा किलो कमी करा, जे खाल ते लिहून ठेवा, मी बघणार. लेक म्हणाली, वहीत नको, ॲपमध्ये लिही. तेवीस वर्षं आचऱ्याच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, आता नवऱ्याचं ताट तपासायचं. निदान त्यात अक्षर लावत बसायला नको!

वजन ८८. उद्यापासून सुरू.

२८ जुलै

पहिला श्रावणी सोमवार. महिनाभर मासळी बंद. ह्यांचं तोंड सकाळपासून सुतक असल्यासारखं.

शेजारची राधाबाई परड्यातला शेगलाचा पाला घेऊन आली. रोज आणीन म्हणाली, शेगूल नाहीतर टाकळा. तिचे यजमान बाबूकाका गेल्यापासून तिच्या घरात चूल पेटते न पेटते. "एकटीक कित्याक शिजवू?" म्हणते. बाबूकाकांना श्रावणभर दुसरी भाजी चालत नसे, ती रोज शेगूल खुडायची. गेल्या वर्षी चतुर्थी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तर अंगणात बसल्या बसल्या गेले. डोक्यात रक्त सांडलं म्हणाले. छातीचं दुखणं आधीपासून होतंच.

भाजी केली, ॲपमध्ये शोधली. शेगूल नाही, शेवग्याचा पाला म्हणूनही नाही. टाकळा नाही. इंग्रजीत लिहून बघितलं तर कुठल्यातरी बिस्किटाचं चित्र आलं. संचिताला फोन. ती म्हणाली — आई, पाल्यात काय असतं? दहा-वीस कॅलरी. ते लिहीत बसलीस तर जन्मभर लिहीत बसशील. आणि त्यात खोबरं किती घातलंस? मी म्हटलं, पसाभर. ती किंचाळलीच! दोनशे कॅलरी आई! ते लिही. खोबरं लिही, पाला सोड.

लिहिलं — ओलं खोबरं, पसाभर.

हे जेवता जेवता वाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या लिवलंस?" म्हटलं, तो पालो, तेका काय लिवचा?

५ ऑगस्ट

८६.४! ॲपने हिरवी खूण दिली. खोबरं आता दोनच चमचे. ह्यांनी आजही विचारलं, लिवलंस? जणू काही मीच चोरून खातेय.

९ ऑगस्ट

टाकळा. खोबरं दोन चमचे.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल अष्टमीचा उपास, आज पारणं. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, शेगलाची भाजी. आंबोळ्या दोनच दिल्या, तर ह्यांनी भाजीची वाटी तीनदा भरून घेतली. घ्या बापडे. पोट भरतं आणि ॲपमध्ये शून्य! ह्याच्यासारखी सोय नाही. वजन ८४.९. शाळेत बर्थाबाई म्हणाल्या, किशोरीबाई, मिस्टर बारीक झाले हो. अंगावर मूठभर मांस चढलं. (माझ्या! ह्यांचं उतरतंय.)

१९ ऑगस्ट

रक्ताचा रिपोर्ट आला.

झडप धातूची, म्हणून ह्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा अडीच ते साडेतीन हवा. आलाय दीड! म्हणजे रक्त घट्ट. झडपेवर गुठळी झाली की खेळ संपला.

लगेच गोव्याला फोन केला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी चुकली का? नाही. पालेभाजी वाढलीय का? पालक, मेथी? म्हटलं, छे हो, ती घाटावरची भाजी, पावसात इथे येते ती कुजलेली, आम्ही घेतच नाही. खरंच घेत नाही! त्यांनी ॲपमधली नोंद मागितली. बावीस दिवसांची पाठवली. इतकी नीट नोंद कुठल्याच पेशंटची नसते म्हणाल्या.

मी बोलत होते तर हे पडवीतून म्हणाले, "शेगूल सांग गो तेंका." मी हातानेच गप्प केलं. त्या भाजीचं विचारत होत्या. हा परड्यातला पाला.

गोळी चारावरून सहा मिलीग्रॅम.

२६ ऑगस्ट

आकडा २.७! सुटले. हीच गोळी चालू ठेवा, आता महिन्याने तपासा. उद्या चतुर्थी, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची राहिलीय आणि मी इथे लिहीत बसलेय.

३० ऑगस्ट, शनिवार

दीड दिवसाचा गणपती परवा पोचवला. आज बांगडे! हे बाजारात स्वतः गेले. महिन्याचं उट्टं काढलं. टाकळा आता जून झाला, राधाबाईही लेकीकडे तळेऱ्याला गेली. पाल्याचा विषय संपला एकदाचा.

बांगडे तीन, तिन्ही लिहिले.

९ सप्टेंबर

ह्यांच्या दंडावर काळानिळा डाग. तळहाताएवढा. कुठे आपटलात? आठवत नाही म्हणाले.

११ सप्टेंबर

दात घासताना रक्त आलं. ब्रश जुना आहे, नवीन आणला. वजन ८२.१.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इस्पितळातून लिहितेय.

सकाळी साडेसहाला नाकातून रक्त. आधी थेंब थेंब, मग धार. बर्फ लावला, नाक चिमटीत धरलं, अर्धा तास झाला तरी थांबेना. दोन टॉवेल भिजले. लघवी लाल. बर्थाबाईंच्या लेकाने, आंतोनने गाडी काढली, थेट गोवा. सगळा रस्ता ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर.

आकडा नऊच्या वर. पुढे यंत्र दाखवतच नाही म्हणाले. अडीचचं साडेतीन नाही, चार नाही — नऊ!! डोक्याचा फोटो काढायला नेलं. मी बाहेर बाकावर. फोन वाजला, वाटलं संचिता. ॲप होतं. आजचं जेवण नोंदवायचं राहिलं म्हणे.

१३ सप्टेंबर

डोक्यात काही नाही. देवा रवळनाथा.

रक्त थांबलंय. संचिता आली.

१४ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरीणबाई माझा फोन हातात घेऊन बसल्या. एकेक दिवस वर सरकवत गेल्या. गोळी तीच, चुकली नाही, मग झालं कसं? मग थांबल्या. अठ्ठावीस जुलै दाखवला, पाच ऑगस्ट, नऊ, सोळा.

"हे खोबरं कशात घालत होता?"

मी फोनवर वाकले. तेवढ्यात खाटेवरून हे म्हणाले, "शेगलात."

रोज? रोज. शेगूल नाहीतर टाकळा. वाटीभर, कधी तीन वाट्या. महिनाभर.

त्या जराही रागावल्या नाहीत. सावकाश समजावलं. हिरव्या पाल्याने ह्या गोळीचा जोर मोडतो. श्रावणात पाला आकडा खाली ओढत होता, म्हणून आपण गोळी वाढवली. मग पाला बंद झाला आणि वाढवलेली गोळी तशीच राहिली. पाला खाल्ला म्हणून काही बिघडत नव्हतं, म्हणाल्या. तुम्ही मला कळवायला हवं होतं, एवढंच. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संचिता कोपऱ्यात रडत होती. मीच सांगितलं आईला, बाबा, मीच सांगितलं, म्हणत होती. तिला जवळ घेतलं. ती कॅलरीचं बोलत होती. फोनवर डॉक्टरांना नाही म्हणाले ती मी.

१५ सप्टेंबर

ह्यांची फाईल उघडली. एप्रिलचा घरी सोडतानाचा कागद, पान तिसरं — "हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवावे. बदल झाल्यास कळवावे."

खाली लाल रेघ आहे. माझीच! तपासलेल्या वहीसारखी रेघ मारली आणि पान उलटलं. पालक-मेथीच वाटली होती मला.

१९ सप्टेंबर

घरी आलो. गोळी परत चार. दुपारी पेज आणि चमचाभर माठाची भाजी दिली. ह्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही. मीच म्हटलं, लिवलंय. माझां चुकला. म्हणाले, "मी सांगत होतंय गो." बस्स, एवढंच. मग पेज गार होईपर्यंत मी रडले आणि ते जेवले.

२१ सप्टेंबर, रविवार

राधाबाई तळेऱ्याहून आली. ह्यांचं कळलं म्हणून तशीच इकडे. एका हातात शेगलाची जुडी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाली, "आमच्या ह्यांची गोळये. टाकूक जीव झालो नाय. रक्ताचीच ती. तुमच्या सुदेशाक लागतील."

पिशवी घेऊन मी आत आले. दोन पट्ट्या, एक अर्धी संपलेली. नाव वाचलं. ह्यांचा डबा काढला, दोन्ही शेजारी धरून परत वाचलं. पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठीही होती, गोळी वाढवल्याची. तारीख गेल्या वर्षीची. श्रावणातली.

ती पडवीत चहाची वाट बघत बसलीय. आता तिथूनच विचारलंन —

"तीच ना गो?"